सुट्टीच्या दिवसाचे पथ्यापथ्य

जुन्या शहरातील आमच्या दवाखान्यात गुरुवारची गर्दी वेगळी आणि सोमवारची वेगळी असते. गुरुवारी येतात ते संधिवाताचे, कासाचे, त्वग्विकारांचे जुने रुग्ण. चिठ्ठीवरची तारीख धरून आलेले. सोमवारी मात्र न बोलावता येणारे अधिक. आंबट ढेकर, पोट जड, डोके ठणकते, मुलाला रात्री दोनदा उलटी झाली, आणि या सर्वांमागे एकच वाक्य: "काल जरा जास्तच झालं." अनेक वर्षे आम्ही याकडे निव्वळ अजीर्ण म्हणून पाहिले, हिंग्वष्टक चूर्ण किंवा शंखवटी लिहून दिली आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. सोमवारचे रुग्ण बदलत असत, तक्रार मात्र तीच राहत असे. तेव्हा उशिराने का होईना आमच्या ध्यानी आले की या व्याधीचा हेतू कोणा एका रुग्णात नसून आठवड्याच्या एका वारात आहे.

चरकाचार्यांनी ग्रहणीदोष चिकित्सेच्या अध्यायात अन्नसेवनाचे तीन दोष सांगितले आहेत, ते आपणा सर्वांस पाठ आहेत. पथ्य आणि अपथ्य एकत्र खाणे ते समशन, अवेळी अथवा कमीअधिक खाणे ते विषमाशन, आणि आधीचे अन्न पचण्यापूर्वी पुन्हा खाणे ते अध्यशन. अभ्यासाच्या काळी आम्हाला वाटे, हे तीनही दोष एकाच माणसाच्या ठायी एकाच दिवशी कसे संभवतील? आजच्या कुटुंबाचा रविवार पाहिला की ती शंका फिटते. नऊ-साडेनऊला उठणे, दहा वाजता बाहेरून आणलेले तर्री-पोहे आणि आलूबोंडे, त्यावर तीन वाजता साग्रसंगीत जेवण, लगेच झोप, सहा वाजता जड डोक्याने उठून चहा, आठला गाडीवर बसून 'कुठेतरी बाहेर', आणि अकरा वाजता घरी परतून पुन्हा दुसऱ्या दिवसाच्या डब्याची चिंता. या दिवसभरात घरातील चार माणसे एका छपराखाली असतात खरी. पण एका वेळी एका जागी किती असतात, हे ज्याने त्याने आपल्या घरी मोजून पाहावे.

आपल्या शास्त्रात दिनचर्या आहे, रात्रिचर्या आहे, ऋतुचर्या आहे. वारचर्या मात्र कोठेही नाही, आणि ती नसणे स्वाभाविक आहे. सात दिवसांनी एक दिवस कामाला सुट्टी ही कल्पना संहिताकारांच्या समाजात नव्हती; तेथे विश्रांतीचे दिवस पर्वांनी, तिथींनी आणि शेतीच्या हंगामांनी ठरत. आपल्याकडे आठवड्याची सुट्टी मिळवली ती गिरणीतल्या मजुरांनी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि पुढे सहा वर्षे या एका मागणीचा पाठपुरावा केला. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी कुलधर्मासाठी व घरासाठी माणूस मोकळा असला पाहिजे, असाही युक्तिवाद लोखंडे यांनी केला होता, हे विसरण्यासारखे नाही. मजुराला ती सुट्टी केवळ झोपण्यासाठी नको होती, घरासाठी हवी होती. अकोल्याच्या सावतराम गिरणीचा भोंगा ऐकलेले वृद्ध आजही आमच्याकडे येतात. भोंगा न वाजणारा दिवस म्हणजे रविवार, एवढी साधी व्याख्या ते सांगतात.

पुढे सुट्टी वाढत गेली. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला आणि आमच्या रुग्णांतील शिक्षक वगळता बहुतेक नोकरदार मंडळींना शनिवारही मोकळा झाला. तीनच आठवड्यांनी, २२ मार्च रोजी, जनता संचारबंदीचा दिवस उजाडला. तोही रविवारच होता. त्यानंतरच्या बुधवारी, गुढीपाडव्याच्या दिवशी, सारा देश घरात बसला. त्या दिवसांत आम्ही रुग्णांशी दूरध्वनीवरून बोलत असू. एक गोष्ट आम्हास विशेष वाटली. वारांचे भान गेले तशी सोमवारची अजीर्णेही गेली. बाहेरचे खाणे बंद, घरातील सर्वजण एका वेळी जेवणारे, रात्रीचे जेवण आठच्या आत. परंतु त्याच काळात घराघरांतील गृहिणींच्या तक्रारी मात्र वाढल्या. कंबर, टाचा, निद्रानाश, चिडचिड. घर सगळ्यांसाठी सुट्टीवर होते आणि तिच्यासाठी कामाच्या जागेचे दार बाहेरून बंद झाले होते. या निरीक्षणाने आमच्या विचाराला जी दिशा मिळाली, तीच या लेखात मांडत आहोत. सुट्टीचा नेम असो वा सणाची परंपरा, घरातील एक माणूस तिच्यापायी आजारी पडत असेल तर तिची तपासणी वैद्याने केली पाहिजे. ते त्याच्या अधिकाराबाहेरचे नाही.

येथे एका शास्त्रीय अडचणीचा उल्लेख करावा लागेल, कारण व्यवसायबंधूंपैकी कोणी ना कोणी ती काढणारच. कुटुंबाने आठवड्यातून एकदा तरी सर्वांनी मिळून जेवावे, असे आम्ही रुग्णांना सांगतो. त्यामागे अपेक्षा ही की जेवताना चार गोष्टी बोलल्या जातील. आणि चरकाचार्य तर विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहारविधी सांगताना न बोलता, न हसता, अन्नात मन ठेवून जेवावे असे म्हणतात. मग आम्ही सांगतो ते शास्त्रविरुद्ध झाले काय? आमच्या मते नाही. परंतु या वचनाने आम्हाला शहाणे मात्र केले. पूर्वी आम्ही 'जेवताना बोला' असे सांगत असू. त्याचा परिणाम असा झाला की एका घरी मुलाच्या परीक्षेतील गुणांची चौकशी नेमकी रविवारच्या ताटावर होऊ लागली आणि तो मुलगा रविवारी जेवेनासा झाला. आता आम्ही वेगळे सांगतो. जेवण शांतपणे होऊ द्यावे, दूरदर्शन संच आणि भ्रमणध्वनी दोन्ही बंद असावेत, बोलणे व्हावे ते पाने मांडताना आणि हात धुतल्यावर शतपावली घालताना. अंगत-पंगत म्हणजे गप्पांचा अड्डा नव्हे. एका वेळी भूक लागणे, एका वेळी वाढले जाणे आणि एकमेकांच्या ताटाकडे लक्ष असणे एवढाच तिचा अर्थ. आजोबांनी आज पोळी अर्धीच खाल्ली, हे ज्या घरात कोणाच्या तरी नजरेस पडते त्या घरचा वृद्ध रुग्ण आमच्याकडे वेळेवर पोहोचतो, हा आमचा अनुभव आहे.

परंतु रविवारचा नेम काही हवेतून निर्माण होत नाही. वऱ्हाडातील घरांत वर्षभराच्या परंपरांची जी वीण आहे तिच्याच धाग्याने तो विणावा लागतो, म्हणून तिकडे वळू.

जुन्या शहरात श्रावण म्हणजे राजराजेश्वराची कावड. गावचे हे दैवत असदगडाच्या या बाजूला, मोर्णेच्या काठच्या वस्तीत आहे. गांधीग्राम येथून पूर्णेचे जल खांद्यावर आणून श्रावणातील शेवटच्या सोमवारी राजेश्वराला अभिषेक करण्याची प्रथा १९४४ च्या सुमारास, पाऊस रुसलेला असताना सुरू झाली असे येथील वृद्ध सांगतात. मंडळांचे तरुण रविवारी जल भरण्यास निघतात आणि सुमारे अठरा किलोमीटरचे अंतर रात्रभर अनवाणी चालून सोमवारी सकाळी शहरात येतात. त्या रात्री जुन्या शहरातील फारशी घरे झोपत नाहीत. ओट्यावर फराळ, चहा, पाणी. पहाटे रस्त्यात रांगोळ्या. वैद्याच्या दृष्टीने पाहिले तर वर्षा ऋतूत अग्नी मंद, वात प्रकुपित, आणि त्यात रात्रजागरण, अतिचंक्रमण व भारवहन. मंगळवारी आमच्याकडे पायांचे फोड, पोटऱ्यांचे गोळे आणि धरलेल्या कमरा येतात. तरीही आम्ही या यात्रेचे कौतुकच करतो. ज्या बापलेकांत वर्षभर चार वाक्यांपलीकडे बोलणे होत नाही, ते त्या रात्री एका बांबूच्या दोन टोकांना खांदा देऊन चालताना आम्ही पाहिले आहेत. आमचा आक्षेप आहे तो साबुदाण्याला. उपवासाच्या अंगी वर्षा ऋतूत जे लंघन अपेक्षित आहे, ते तुपात परतलेल्या आणि शेंगदाण्याच्या कुटाने जड केलेल्या खिचडीने कसे साधावे? त्यापेक्षा भगर बरी, आणि भगरीहून राजगिऱ्याची लाही बरी. हे आम्ही दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी आमच्याच ओट्यावर साबुदाण्याचे पातेले चढते. असो.

श्रावण सरता पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैलाला दोरी लावून मुले दारोदार फिरतात, बोजारा मागतात. शेती सुटलेल्या घरांतूनही हा दिवस टिकला, याचे कारण आम्हाला असे वाटते की त्यात मोठ्यांनी काही करावयाचे नसते. केवळ दार उघडे ठेवावे लागते. जी परंपरा घरच्यांवर ओझे टाकत नाही तिला मरण नसते.

ज्या परंपरेचे ओझे सर्वांत जड, ती म्हणजे महालक्ष्म्या. इतरत्र गौरी म्हणतात. वऱ्हाडात ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोघी बहिणी आपल्या बाळांसह तीन दिवसांच्या माहेरपणाला येतात. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन व महानैवेद्य, मूळ नक्षत्रावर विसर्जन. पुण्या-मुंबईला नोकरीस गेलेली मुले दिवाळीला एकवेळ येणार नाहीत, पण महालक्ष्म्यांच्या जेवणाला महाराष्ट्र एक्सप्रेसच्या मिळेल त्या डब्यातून येतात. पुरणपोळी, कढी, भजी, सोळा भाज्या एकत्र केलेली भाजी, आणि या सर्वांत आम्हाला प्रिय अशी ज्वारीची आंबील. यावनाल हे धान्य रूक्ष आणि लघु. ते आंबवून, ताकाच्या संस्काराने पातळ करून या पुरणाच्या ताटात का ठेवले असावे, हे अग्नीचा विचार करणाऱ्याला सांगावे लागत नाही. ज्यांनी ही पाने योजली त्यांना आहारशास्त्र कळत होते. मात्र ते पान वाढणारीने स्वतः केव्हा जेवावे, याची योजना त्यांनी केलेली दिसत नाही.

सुमारे दोन वर्षे आमच्याकडे अम्लपित्ताची एक रुग्णा येत होती. वय पंचेचाळिशीचे, जुन्या शहरातीलच एका मोठ्या घराची थोरली सून. आम्ही अविपत्तिकर दिले, सूतशेखर दिले, तिखट-आंबट वर्ज्य केले. बाई पथ्य पाळणाऱ्या. उपशय मिळे, आणि काही दिवसांनी पुन्हा तोच दाह, तीच भोवळ. आम्ही औषधे बदलीत राहिलो. एके वर्षी भाद्रपदात, पूजनाच्या दुसऱ्या दिवशी, त्यांना धरून आणावे लागले. सोबत सासूबाई होत्या. आम्ही सवयीने विचारले, काल काय खाल्ले? सून म्हणाली, "तेच, सगळ्यांनी खाल्लं ते." आणि सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, काय खाल्लं ते नका विचारू, कवा खाल्लं ते विचारा. पहाटे चारपासून चुलीसमोर हाय ते. पंगती उठता उठता दिवस कलला, तवा बसली जेवाले. आमीबी तसंच केलं म्हना जलमभर."

आम्ही वैद्य म्हणवतो आणि हा प्रश्न आम्हाला दोन वर्षांत सुचला नव्हता. आहार विचारला, काल विचारला नाही. क्षुधा हा अधारणीय वेग आहे. चरकाने नवेगान्धारणीय अध्यायात तेरा वेगांत त्याची गणना केली आहे आणि त्याच्या धारणाने कृशता, दौर्बल्य, विवर्णता, अंगमर्द, अरुची आणि भ्रम होतो असे स्वच्छ सांगितले आहे. आमच्यासमोर बसलेल्या बाईत त्यांतील बहुतेक लक्षणे होती. अधिक विचारता कळले की हे केवळ महालक्ष्म्यांचे नव्हते. प्रत्येक रविवारी, सगळे घरी म्हणून, न्याहारी तीन वेळा लागे आणि दुपारचे जेवण दोन पंगतींत होई; तिचा पहिला घास साडेतीनला. ज्या दिवसाला आम्ही इतर रुग्णांसाठी अध्यशनाचा दिवस म्हणत होतो तो तिच्यासाठी वेगधारणाचा दिवस होता. एकाच स्वयंपाकघरात दोन विरुद्ध हेतू शिजत होते.

या प्रसंगी उपाय आम्ही सांगितला नाही, सासूबाईंनी काढला. नैवेद्याआधी अन्न खाऊ नये हा नेम त्यांना मोडावयाचा नव्हता, आणि आम्हीही तसे सुचवले नाही. त्या म्हणाल्या, दुधाला आमच्यात ना नाही. तेव्हा पहाटे सुनेने तूप घातलेले कोमट दूध आणि चार खारका घेऊनच चुलीपुढे बसावे, हे ठरले. सोळा भाज्या निवडणे-चिरणे आदल्या रात्री पुरुषमंडळींनी आणि पुण्याहून येणाऱ्या नातवांनी करावे. नैवेद्य चारला होई तो एकला आणावा, आणि पहिल्या पंगतीस घरातील दोन्ही सुना बसाव्यात, वाढपी मुलगे व्हावेत. शेवटच्या कलमावर घरात बरीच कुरकुर झाली असे पुढे कळले. तेथे आम्ही सासूबाईंना चरकाचे सद्वृत्त सांगितले होते. अतिथींना, गुरूंना आणि आपल्या आश्रितांना दिल्यावाचून जेवू नये असे ते म्हणते. घरात सर्वांच्या नंतर जेवणारी व्यक्ती जर रोज एकच असेल, तर आपण तिला आश्रिताइतकेही मोजत नाही, असा त्याचा अर्थ होतो. सासूबाईंनी हे घरी कसे सांगितले ते ठाऊक नाही. पण मुलगे वाढायला उभे राहिले. रुग्णा पूर्ण बरी झाली असे आम्ही म्हणणार नाही, औषध अजून चालू आहे. परंतु पुढच्या भाद्रपदात तो वेग आला नाही. रविवारचे जेवणही त्या घरात आता एका पंगतीत होते.

तेव्हापासून रुग्णपरीक्षणात आम्ही एक प्रश्न वाढवला आहे: सुट्टीच्या दिवशी तुमच्या घरी सर्वांत शेवटी कोण जेवते? व्यवसायबंधूंनी तो विचारून पाहावा. उत्तर देताना रुग्ण क्षणभर थांबतो.

दुपारच्या झोपेबाबतही असेच आहे. रविवारी जेवून आडवे होणे हा घरच्या पुरुषांचा जन्मसिद्ध अधिकार समजला जातो. शास्त्राप्रमाणे दिवास्वाप ग्रीष्माखेरीज इतर ऋतूंत कफपित्ताचा प्रकोप करणारा. ग्रीष्माची सूट अकोलेकरांनी अवश्य घ्यावी. मे २०२४ मध्ये उन्हाच्या तडाख्यामुळे येथे जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता, अशा गावात वैशाखाच्या दुपारी झोपू नका असे कोणता वैद्य सांगेल? परंतु इतर ऋतूंत ज्यांना दिवसा झोपण्याची मुभा आहे, त्यांची यादी चरकाने दिली आहे. बालक, वृद्ध, क्षीण यांच्याबरोबर कामाने, ओझ्याने आणि प्रवासाने थकलेले लोक तीत येतात. म्हणजे श्रावण-भाद्रपदातील रविवारच्या दुपारी झोपेचा अधिकार कावड वाहून आलेल्याचा आहे आणि पहाटेपासून चुलीपुढे बसलेलीचा आहे. नऊ वाजता उठलेल्या गृहस्थाचा नाही. हे वाक्य आम्ही दवाखान्यात बोलून दाखवले की आत बसलेल्या बायका हसतात आणि पुरुष छताकडे पाहतात.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर वऱ्हाडात भुलाबाई असते. मातीचे भुलोबा-भुलाबाई मांडून गल्लीतील मुली संध्याकाळी गाणी म्हणतात, आणि गाणी झाली की खिरापत. ती झाकलेल्या डब्यात असते. डबा कानाशी हलवून, वास घेऊन, प्रश्न विचारून ती ओळखायची. गोड आहे का? आंबट आहे का? कुरकुरीत आहे का? मुलींची ही विचारणा ऐकताना आम्हाला नेहमी वाटते की षड्रसांचा याहून चांगला पाठ कोणत्याही महाविद्यालयात होत नसेल. रस, गंध, शब्द, सर्व इंद्रिये पणाला लावून एक घास ओळखायचा आणि तो घासभरच खायचा. पातेले भरून काहीच नसते. म्हणून ज्या घरची पाळी असेल त्या घरच्या आईलाही ते जड जात नाही. शरद ऋतूच्या सायंकाळी अंगणात चांदण्यात बसणे हे तर ऋतुचर्येतच सांगितलेले आहे. अलीकडे सदनिकांतून भुलाबाई मागे पडली होती. जुन्या शहरातील काही घरांनी ती केवळ शनिवार-रविवारची करून पुन्हा सुरू केली आहे. महिनाभराची परंपरा आठ-नऊ संध्याकाळींवर आणणे काहींना भ्रष्टाचार वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. सवय सोडताना वा धरताना ती क्रमाने, अंशाअंशाने करावी हा पादांशिक क्रम आपल्याला वाग्भटाने शिकवला आहे. परंपरेलाही तो लावण्यास हरकत नसावी. मुलगेही आता खिरापत ओळखायला येतात. त्यांना गाणी येत नाहीत, पण नाके तीक्ष्ण असतात.

हेमंतात हुरडा आणि रोडगे. सोयाबीन आणि कपाशीने ज्वारीचे शिवार आटवले, त्यामुळे हुरड्यासाठी आता ओळखीचे शेत शोधावे लागते. रोडग्यांचे तसे नाही. गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, वर सढळ तूप, सोबत तुरीचे वरण आणि वांग्याची भाजी. अग्नी प्रबळ असलेल्या हेमंतात गुरू-स्निग्ध आहार हवाच. तोच पदार्थ श्रावणात केला तर सोमवारी आमच्याकडे यावे लागेल. रोडग्याचे आम्हाला कौतुक आणखी एका कारणाने. हा स्वयंपाक बहुधा पुरुष करतात. शेतात गोवऱ्या रचणे, राख झटकणे, वांगी चिरणे, हे सारे त्यांच्याकडे, आणि बायका बांधावर बसून पानाची वाट पाहतात. वर्षातून एकदा होणारी ही उलटापालट महिन्यातून एका रविवारी घरच्या स्वयंपाकघरात आणली, तर कोणता शास्त्राधार आड येतो? आमच्या काही रुग्ण कुटुंबांनी ती आणली आहे. पहिल्या दोन-तीन वेळा वरण करपते, एवढाच काय तो उपद्रव.

जुन्या शहरातील आमच्या मुसलमान रुग्णांकडून आम्ही एक गोष्ट शिकलो, तीही येथे नोंदवतो. रमजानच्या महिन्यात सूर्यास्ताच्या घटकेला घरातील लहानथोर एका दस्तरख्वानाभोवती बसतात. खजूर तोंडात पडेपर्यंत कोणी उठत नाही आणि कोणी मागे राहत नाही. एकत्र जेवणाचा नेम टिकतो तो पदार्थांवर नव्हे, घटकेवर टिकतो. रविवारच्या जेवणाला म्हणूनच आम्ही वेळ ठरवून घेण्यास सांगतो, पदार्थ नव्हे.

आता आमच्या घराविषयी, कारण दुसऱ्यास पथ्य सांगणाऱ्याला त्याच्या स्वयंपाकघराचा हिशेब विचारलाच जातो. दीर्घकाळ रविवारी सकाळी आमचा दवाखाना उघडा असे. बाहेरगावचे रुग्ण त्या दिवशी येऊ शकतात, हे कारण खरे होते आणि सोयीचेही होते. आमचा मुलगा सोळा वर्षांचा असताना मंडळाबरोबर प्रथम कावडीला गेला. आम्ही गेलो नाही. सोमवारी दुपारी तो परतला तेव्हा दोन्ही तळव्यांना फोड होते आणि पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. आम्ही कोमट तिळाचे तेल घेऊन त्याच्या पायांशी बसलो. फोड वगळून पोटऱ्यांना, घोट्यांना तेल लावताना लक्षात आले की हे पाय आपण त्याच्या बालपणानंतर हातात घेतलेलेच नाहीत. ते केव्हा एवढे मोठे झाले, हे आम्हास ठाऊक नव्हते. तो झोपून गेला. आम्ही बराच वेळ चोळत राहिलो.

पुढच्या महिन्यापासून रविवारचा दवाखाना बंद केला. काही रुग्ण तुटले, बाकीच्यांनी शनिवार धरला. आणि रविवारी रात्री निजण्यापूर्वी घरात पादाभ्यंगाचा नेम सुरू झाला. वाग्भटाने शिर, कर्ण आणि पाद यांना विशेष करून तेल लावण्यास सांगितले आहेच. काशाची वाटी, थोडे तूप किंवा ऋतूप्रमाणे तेल, आणि एकाने दुसऱ्याचे तळपाय घासायचे. स्वतःचे स्वतः नाही. मुलाने आजीचे घासावेत, आजीने नातीचे. वेळ फार तर पंधरा मिनिटे. या काळात कोणी कोणाला काही विचारत नाही, तरी जे आठवडाभर कोणी सांगितलेले नसते ते याच वेळी बाहेर येते. नातीला शाळेच्या बसमध्ये कोणी त्रास देते हे आम्हाला काशाच्या वाटीनेच कळले.

अडले ते एका ठिकाणी. आमच्या सौभाग्यवतींचे पाय घासण्याची पाळी आमच्यावर आली तेव्हा त्यांनी पाय पदराखाली घेतले. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा, हे त्यांना ऐकवेना. सासूबाईंसमोर तर मुळीच नाही. आम्ही शास्त्र सांगू लागलो तर त्या म्हणाल्या, तुमचे शास्त्र दवाखान्यात ठेवा. त्या वर्षीचा आश्विन असाच गेला. अखेर कोजागरीच्या रात्री, भुलाबाईची गाणी आटोपून मुली घरोघर गेल्यावर, आमच्या मातुःश्रीच म्हणाल्या, "घास रे तिचे पाय. महालक्ष्म्यांपासून टाचा भेगाळल्या आहेत तिच्या, मी पाहते आहे." आणि त्या तोंड फिरवून चांदण्याकडे पाहत बसल्या.

वाटी आता रविवारी सायंकाळीच दिव्याशेजारी आणून ठेवलेली असते. कोण ठेवते ते आम्ही विचारलेले नाही.